भिंतीआडची लाथ

कल्याणला एका मुलीकडे नात मला घोट्यासाठी नेते. फिजिओथेरपी म्हणतात त्याला. ती मुलगी माझा उजवा पाय मांडीवर घेते, घोटा गोल गोल फिरवते, रबराचा पट्टा ओढायला लावते आणि मी ओढला की बालवाडीतल्या पोराला म्हणावं तसं "छान, आजी" म्हणते. मला राग येतो, पण पायाला बरं वाटतं म्हणून गप्प बसते. पहिल्या दिवशी तिनं विचारलं, दुखापत जुनी दिसते, कशी झाली? मी म्हटलं, भिंतीला लाथ मारली. तिनं नातीकडे बघितलं. नात म्हणाली, खरंच तसं झालं होतं. त्या बिचारीला वाटलं असणार, अख्खं घराणंच तिरसट आहे.

पण लाथ मी रागानं मारली नव्हती. सासूबाईंच्या सांगण्यावरून मारली होती, आणि भिंतीच्या पलीकडे त्या स्वतः उभ्या होत्या.

झालं असं की मी पायाळू. जन्माला येताना डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आले. आमच्या शहापूर-मुरबाडकडे अशा माणसाला दोन गोष्टी जन्माच्या चिकटतात. एक, त्याच्यावर वीज पडते. दोन, कुणाच्या कमरेत उसण भरली, म्हणजे धड वाकता येईना की धड उभं राहता येईना, तर पायाळूनं पाठीत लाथ घातली की ती सुटते. पहिल्या गोष्टीपायी लग्न जमत नाही आणि दुसरीपायी लोक सुखानं जेवू देत नाहीत. माझ्या बापानं सोयरीक ठरवताना दोन्ही गोष्टी पानसुपारीबरोबर गिळून टाकल्या आणि शहापूरकडून मला म्हशाजवळच्या एका गावात दिली. चीनची लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट.

वर्षभर कुणाला पत्ता नव्हता. मग भात झोडणीच्या दिवसांत माझ्या माहेरचा एक शेजारी कोयत्यासारखा वाकडा होऊन, काठी टेकत टेकत थेट आमच्या खळ्यात आला आणि सगळ्यांदेखत विचारू लागला, आमची पायाळू पोर कुठाय? माझ्या सासूबाई सूप धरून वारा देत होत्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. त्यांचं सूप हवेत तसंच राहिलं. आता लपवून काय उपयोग होता? मी त्या माणसाला उंबऱ्यात पाठमोरा उभा केला, रीतीप्रमाणे न बोलता एक लाथ घातली आणि तो रीतीप्रमाणे मागं न बघता चालू लागला. खळ्याच्या टोकाला जाईस्तोवर सरळ झाला होता म्हणे. मला विचाराल तर निम्मा तो इथवर चालून आल्यानंच सुटला असेल. पण मला विचारतं कोण?

आत्याबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मामंजींना मात्र ऐकवत होत्या, की तुमी सून आणली का घरात वीज आणून ठेवली? पावसाळ्यात आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, गेलो की मला एकटीला शेताच्या पार कोपऱ्यात लावायच्या. जरा गडगडलं की हात करायच्या, गो, आणखी तिकडं हो. मी तिकडं व्हायची. आमचे हे माझ्या बाजूला सरकू लागले की त्यांना हाक मारून बोलावून घ्यायच्या. म्हणजे पडलीच वीज तर नेमकी सुनेवर पडावी, अशी सगळी व्यवस्था. मला तेव्हा असा संताप यायचा की वाटायचं, एकदा पडावीच, पण ह्या बाईच्या चुलीवर.

पुढं उसणवाले यायला लागले तशा आत्याबाई मवाळ झाल्या. गावोगावची माणसं त्यांच्या ओटीवर कण्हत बसू लागली, त्यांना विचारून आत येऊ लागली. त्यांना ते आवडू लागलं. कुणाला कधी लाथ मिळेल ते त्याच ठरवायच्या. गाईंचं दूध पिळून झाल्याशिवाय नाही, मी जेवत असेन तर नाही. पाटलांच्या वेळी कानात सांगून गेल्या की बेतानं मार, मोठा माणूस हाय. सावरोलीच्या एका भांडकुदळ माणसाच्या वेळी काहीच सांगितलं नाही, त्यावरून मी समजले. वर्ष-दोन वर्षांत आसपासच्या सगळ्या पाठी माझ्या पायाखालून गेल्या. एकच पाठ राहिली होती.

आता नणंदेचं सांगते. आत्याबाईंना लेक एकच. ती दिली होती वैशाखऱ्याला, माळशेजच्या वाटेवर. तिची सासू, म्हणजे आमच्या विहीणबाई, मोठी मानपानाची बाई. दिवाळीला लेकीला आणायला मामंजी एकटेच गेले, तर तिनं त्यांना गूळपाणी दिलं आणि रिकाम्या गाडीनं परत लावलं. म्हणाली, लेकीची आई आली असती तर पाठवली असती. मामंजी घरी येऊन नुसते बैलांना पाणी दाखवत बसले. आत्याबाईंनी त्या रात्री जेवण टाकलं. आणि आता नणंदेला सातवा महिना चालू होता. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, ही रीत. पण आठवा लागला की बाईला गाडीत घालून पाठवत नाहीत, ही पण रीत. म्हणजे म्हशाची जत्रा उरकून आत्याबाईंनी स्वतः जायचं, विहिणीसमोर उभं राहायचं आणि लेक घेऊन यायची. दिवस थोडे होते. त्या झोपेतसुद्धा लेकीचं नाव घ्यायच्या, हे मी ऐकलेलं आहे.

जत्रेत त्यांनी बाळंतिणीसाठी घोंगडी घेतली आणि एक दगडी पाटा घेतला. लेकीची हळद जुन्या पाट्यावर वाटायची नव्हती, तिला नवाकोरा पाटा पाहिजे होता. घरी आल्यावर गाडीतून तो उतरवायला आमचे हे पुढं झाले, तर आत्याबाई म्हणाल्या, तू पाडशील. स्वतः कवेत घेतला, वळल्या, आणि तशाच राहिल्या. पाटा ह्यांनी काढून घेतला. आत्याबाईंना मात्र त्या ओणव्यातून काढता येईना. गाडीशी ओणव्या झालेल्या बाईला आम्ही दोघांनी तशीच्या तशी उचलून घरात नेली, खुर्ची नेतात तशी.

मग सगळं करून झालं. विटा तापवून शेक झाला. निर्गुडीचा पाला गरम करून बांधला. शेवटी गाडीत पेंढा पसरून मुरबाडला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर चांगला होता, नीट तपासून बोलला. म्हणाला, हाड मोडलेलं नाही, स्नायू धरलाय. उताणं झोपायचं, गुडघे एकेक करून पोटाशी घ्यायचे, रोज करायचं, हळूहळू सुटेल. आत्याबाईंनी मान डोलावली. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, मेल्याला आईबहीण नाय का, बाईमाणसाला गुडघे वर करून झोपायला सांगतो. आणि त्या पेंढ्यात कुशीवर पडून राहिल्या, नाकाच्या सरळ रेषेत बघत. हळूहळू सुटून त्यांना चालणारच नव्हतं. वैशाखऱ्याची गाडी त्या आठवड्यात जुंपायला हवी होती.

गावात जो तो तेच बोलू लागला, की घरात पायाळू सून असताना ही बाई मुरबाडला कशाला गेली? मीही एकदा भीत भीत विषय काढला. म्हटलं, आत्याबाई, मी आधी तुमच्या पाया पडते, मग लाथ घालते, मग पुन्हा पाया पडते.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागं सरले. "आधी पडलीस नि मागनं पडलीस म्हणून मधली लाथ लाथ नाय व्हय गो? वैशाखऱ्याला कळलं तर ती बाई वेशीवर बसून सांगेल, हिला सून लाथा घालते."

म्हणजे खरं दुखणं कमरेत नव्हतंच. विहिणीचं तोंड होतं ते.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी पुरुष माणसं रानात गेल्यावर त्यांनी मला हाक मारली. भिंतीला धरून धरून त्या उभ्या राहिल्या होत्या, चेहरा घामानं डबडबलेला. आमच्या माजघराच्या आणि पडवीच्या मध्ये कारवीचा कूड होता, म्हणजे कारवीच्या काठ्या विणून त्यावर शेणमातीनं सारवलेली भिंत. आत्याबाई म्हणाल्या, मी ह्या बाजूनं कुडाला पाठ लावून उभी राहते, तू पडवीतनं कुडाला लाथ मार. लाथ बसली कुडाला. मी पलीकडं उभी असले तर त्यात तुझा काय दोष, नि माझा तरी काय अपमान? ही अक्कल त्यांनी दोन दिवस पडल्या पडल्या लढवली होती. खोटं कशाला बोलू, मलाही ती तेव्हा फारच शहाणपणाची वाटली.

पडवीत पेंढ्याच्या गंजीला टेकून मी अंदाजानं त्यांच्या कमरेची उंची धरली आणि पहिली लाथ घातली. थोडी माती झडली. लागली का म्हणून विचारलं, तर आतून उत्तर आलं की आवाज आला, बाकी काय नाय. दुसरी जरा नेटानं घातली. आत्याबाई म्हणाल्या, मेल्या पाव्हन्यांना चांगल्या घालतेस, सासूच्या वेळी पायात जीव नाय. हे मात्र मला लागलं. शेताच्या कोपऱ्यात उभं राहून गडगडाट ऐकलेली सगळी आवणी आठवली. मागं झाले, लुगडं खोचलं, आणि तिसरी घातली.

कूड वाळवीनं खाल्लेला होता, हे आम्हा दोघींपैकी कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. माझा पाय गुडघ्यापर्यंत आरपार गेला. पलीकडे काहीतरी मऊ लागलं, आत्याबाईंचा "आई गो" ऐकू आला, आणि मी उताणी पेंढ्यात पडले. पाय मात्र भिंतीतच. ओढायला जावं तर कारवीचे टोकदार तुकडे पोटरीत रुततात आणि घोट्यातून अशी कळ येते की डोळ्यापुढं काजवे. पलीकडे सगळं शांत. मला वाटलं, झालं, मारली मी हिला. सासूला लाथेनं मारणारी म्हणून आता ठाण्याच्या तुरुंगात जाणार.

तेवढ्यात माझ्या पावलाला हात लागला. कुणीतरी एकेक काटकी मोडून बाजूला करत होतं. मग दोन्ही हातांनी टाच धरली आणि पाय माझ्याकडे ढकलला. पाय सुटला. मी भोकातून बघितलं तर आत्याबाई पलीकडे भोकापाशी ओणव्या होऊन माझ्याकडेच बघत होत्या. दोघींची नाकं समोरासमोर.

मी म्हटलं, "आत्याबाई, तुमी वाकलात."

त्यांनी विचार केला. सरळ झाल्या. पुन्हा वाकल्या. पुन्हा सरळ झाल्या. मग तिथंच मटकन बसल्या आणि पदरात तोंड घालून रडायला लागल्या. मीही इकडे घोटा धरून रडत होते. लाथेनं सुटली, की दचकल्यानं सुटली, की माझा पाय काढायला वाकल्या तेव्हा डॉक्टरनं सांगितलेलं आपोआप झालं, देव जाणे. कल्याणच्या मुलीला विचारलं तर ती हसते.

दुपारी मामंजी आले. भोक बघून म्हणाले, बैल शिरला काय? आत्याबाई चुलीपाशी भाकरी थापत होत्या, वर न बघता म्हणाल्या, हां, बैलच. मी कोपऱ्यात भोपळ्याएवढा सुजलेला पाय लांब करून बसले होते. मामंजींनी भोक बघितलं, माझा पाय बघितला, चुलीपाशी ओणवी झालेली बायको बघितली, आणि मुकाट्यानं हात धुवायला गेले. शहाणा माणूस.

त्या संध्याकाळी आत्याबाईंनी नव्या पाट्यावर आंबेहळद उगाळली, गरम केली आणि वाटी माझ्यापुढे सरकवली. लेप मीच लावला. सासूनं सुनेच्या पायाला हात लावायचा नसतो. सकाळी लावला तो घाईत, त्याचं कुणी बोललं नाही. पहाटे त्यांनी गाडी जुंपायला लावली आणि मामंजींना घेऊन वैशाखऱ्याला निघाल्या. मला उंबऱ्याशी बसूनच बघावं लागलं. एवढं करून विहिणीनं पुन्हा रिकामी गाडी परत लावली, तर ही बाई आता पुन्हा उठायची नाही, हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीच्या आधी गाडी आली. आधी नणंद दिसली, गोल, हसरी, हातात बोचकं. माझा जीव भांड्यात पडला. मग तिच्या पाठीमागं आणखी एक बाई दिसली, कमरेवर हात, वाकडी. मी डोळे पुसून पुन्हा बघितलं. विहीणबाई.

काय घडलं ते वन्संनी मला आत येता येताच सांगितलं. विहीणबाईंना बातमी लागली होती की आत्याबाईंची कंबर धरलीय, त्या काही येत नाहीत. म्हणून त्यांनी बाळंतपण वैशाखऱ्यालाच करायचं मनात पक्कं केलं होतं. गाडी दारात बघून त्यांचा चेहरा पडला. तरी म्हणाल्या, आमच्या घरात काय बायका नाहीत? राहू दे तिला इथंच. मग खोचून विचारलं, तुमी तर उठत नव्हता म्हणे, बऱ्या कशा झालात? आणि आत्याबाई, ज्यांनी ह्या एका बाईच्या भीतीनं घराची भिंत फोडून घेतली होती, त्या भरल्या ओटीवर चार बायकांदेखत म्हणाल्या, "सुनेनं लाथ मारली. पायाळू हाय माझी सून."

हसायचं की काय, कुणाला कळेना. पण झालं होतं असं, की विहीणबाई स्वतः कार्तिकापासून कमरेनं हैराण होत्या. हंडा उचलवत नव्हता, उठता-बसता खांब धरावा लागत होता. मानापायी कुणाला सांगितलं नव्हतं, पण आत्याबाईंच्या नजरेतून ते सुटतंय होय? आत्याबाई म्हणाल्या, माझ्या सुनेचा पाय मुरगळलाय, ती काय इथवर यायची नाय. ज्याला पाहिजे त्यानं माझ्या दारात यावं. गाडी जातेच हाय. आणि गाडी जातेय तर लेक पण चढेल. विहीणबाई बराच वेळ खांब धरून उभ्या राहिल्या. मग सुनेला म्हणाल्या, बोचकं बांध.

सकाळी गाई पिळून झाल्यावर विहीणबाई आमच्या उंबऱ्यात पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. कुडाला भोक होतंच, पण कूड मध्ये घ्यायचं कुणी नाव काढलं नाही. माझी मात्र पंचाईत. उजवा पाय सुजलेला, म्हणजे लाथ डाव्यानं घालायची, आणि उभं राहायचं त्या सुजलेल्या उजव्यावर. मला तोलच सावरेना. तशा आत्याबाई मागून आल्या आणि दोन्ही काखांत हात घालून मला उचलून धरलं. आदल्या आठवड्यात ज्या बाईला पाटा पेलला नव्हता, तिनं मला पेललं. मी पाय उचलला. पाव्हणी बाई, मानाची, म्हणून बेतानं घालणार होते.

माझ्या कानाशी आत्याबाई कुजबुजल्या, "जोरात घाल गो. दिवाळीची पण."

मी घातली. विहीणबाई उंबऱ्यातून थेट अंगणात गेल्या आणि रीतीप्रमाणे मागं न बघता गोठ्यापर्यंत चालत राहिल्या. बरं झालं बघितलं नाही, कारण आत्याबाईंनी माझ्या खांद्यावर तोंड दाबून धरलं होतं आणि त्यांचं अख्खं अंग हसण्यानं गदगदत होतं. मामंजी गव्हाणीपाशी उभे होते. त्यांनी विहीणबाईंना अदबीनं वाट दिली आणि बैलाच्या पाठीवर थाप मारली. विहीणबाईंची कंबर सुटली की नाही, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. जाताना हंडाभर पाणी मात्र स्वतः उचलून बैलांना पाजलं, ते सगळ्यांनी बघितलं.

सुजल्या पायावर उभं राहिल्याचं मला पुढं महागात पडलं. घोटा बसता बसेना. चैत्रात वन्संना मुलगा झाला. सुईण बाहेर आली तेव्हा आत्याबाईंनी पहिलं हेच विचारलं, डोक्याकडून का पायाकडून? डोक्याकडून म्हटल्यावर म्हणाल्या, असू दे, घरात एक हाय ती पुरे. तेव्हापासून रोज सकाळी त्या वाटीभर तेल कोमट करायच्या. आधी बाळाला चोळायच्या, मग लेकीला. मी तोवर पाय लांब करून तांदूळ निवडत बसलेली असायची.

एक दिवस त्या वाटी घेऊन माझ्यापुढे येऊन बसल्या आणि माझा घोटा ओढून मांडीवर घेतला. मी घाबरून पाय मागं घेतला. म्हटलं, आत्याबाई, पाप लागेल मला.

"गप बस," त्या म्हणाल्या. "तेल उरलंय. वाया कशाला घालू?"

आणि अंगठ्यानं घोट्याभोवती चोळू लागल्या, बाळाला चोळायच्या तितक्याच हळू हातानं. त्या दिवसापासून पावसाळा लागेपर्यंत त्यांनी एकही सकाळ चुकवली नाही. वाटीत तेल रोज उरायचं. तान्ह्या पोराला किती तेल लागतं ते पुढं माझी पोरं झाली तेव्हा मला कळलं, आणि ती वाटी केवढी मोठी होती तेही.